सिंह पाहिला का आणि खाल्लं काय?



केनियाहून येऊन तीन आठवडे झाले. स्थानकात सामायिक झाली की बायका घेरतात आणि दोनच प्रश्न विचारतात. "भाभी, सिंह पाहिला का?" आणि "तिकडे खाल्लं काय?" एकेकीला सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहिते. सिंह पाहिला. झुडपाखाली झोपला होता आणि तोंडावर माश्या बसल्या होत्या. खाण्याचं पुढे सांगते. पण तिसरं एक सांगायचं आहे, जे अजून कोणी विचारलं नाही.

आपल्या साक्री तालुक्यात बिबट्या उसात शिरला तर लोक फटाके फोडतात, वनखात्याला फोन करतात, पिंजरा मागतात. आणि आम्ही दोघं माणशी साडेतीन लाख भरून तसलीच जनावरं बघायला गेलो. माझ्या जाऊबाईंनी हे तोंडावर बोलून दाखवलं. पण ह्यांची फार वर्षांची इच्छा होती. चाळीस वर्षं दुकान सांभाळलं, मुलींची लग्नं केली, गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यावर बसून टीव्हीवर सिंह बघायचे. आता सदुसष्ट पूर्ण झाली. एक एफडी मोडली आणि म्हणाले, "आता नाही तर कधी?"

पहिली अडचण महिन्याची. सगळ्या कंपन्यांच्या जाहिराती जुलै ते ऑक्टोबरच्या. तेव्हा सेरेंगेटीतून लाखो विल्डेबीस्ट मसाई माराकडे येतात, नदी ओलांडतात, मगरी वाट बघत असतात. नेमका आपला चातुर्मास! पर्युषण सोडून मगरी बघायला जायचं का? मी फेब्रुवारी म्हटलं. एजंटचा चेहरा पडला, "काकू, मायग्रेशन चुकेल." चुकू दे. नंतर कळलं की मसाई मारात परदेशी माणसाला दिवसाची प्रवेश फी जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलैपासून २०० डॉलर. धर्म पाळला आणि हिशेबही वाचला.

मी धुळ्याच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं. नोकरी केली नाही, पण कुठलाही कागद मी ताळेबंदासारखा शेवटून वाचते. टूरच्या पत्रकातही "समाविष्ट नाही" हा भाग आधी वाचा. आमच्या पत्रकात त्याच्यात लस, टिप, पिण्याचं जादा पाणी आणि बलूनची सैर होती. टीसीएस बघून ह्यांचं डोकं तापलं, पण तो खर्च नव्हे, आगाऊ घेतलेला कर आहे. आम्हाला ५ टक्के लागला. विवरणपत्र भरताना तो वळता करून घ्यायचा, पावती जपून ठेवायची. जीएसटी मात्र गेला तो गेला. टिप आधीच कापून घेत असतील तर त्यातलं ड्रायव्हरच्या हाती किती पडतं हे विचारा. आमच्या कंपनीने सांगितलं नाही.

मग लस. केनियाहून परतताना यलो फीवरचं प्रमाणपत्र नसेल तर आपल्याच विमानतळावर वेगळं ठेवतात. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी ती घ्यावी लागते, एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढे जोखीम थोडी जास्त, म्हणून आमच्या डॉक्टरांशी बोलून, सगळी औषधं दाखवून मग आम्ही मुंबईला गेलो. तिथल्या अर्जात एक प्रश्न होता, अंड्याची ॲलर्जी आहे का? मी म्हटलं, "डॉक्टर, सात पिढ्यांत कोणी अंडं खाल्लं नाही, कसं सांगू?" ते हसले आणि म्हणाले की ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात वाढवतात, म्हणून विचारतात.

माझे हात गार पडले. पैसे भरलेले, ह्यांनी बाही वर केलेली. मी बाहेर येऊन बाकावर बसले. धुळ्याला विराजमान असलेल्या साध्वीजींना भेटायला वेळ नव्हता. कंपनीने लस अनिवार्य आहे हे ठळक छापलं होतं, ती कशावर वाढवतात हे कोण छापणार? शेवटी मी टोचून घेतली. परत आल्यावर साध्वीजींकडे आलोचना केली, त्यांनी आयंबिल दिली, ती चालू आहेत. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण रांगेत उभं राहून माझ्यासारखं कळायला नको, म्हणून लिहिलं.

आता खाणं. पत्रकात "जैन भोजन उपलब्ध" असं लिहिलेलं. नैरोबीत काही अडलं नाही. तिकडे हालारकडचे ओशवाल शंभराहून जास्त वर्षांपासून आहेत, मोंबासाचं शिखरबंद देरासर तर १९६३ सालचं आहे. पण जंगलातल्या कॅम्पवर जैन म्हणजे कांदा-लसूण नाही एवढंच ठाऊक. पहिल्याच रात्री बटाट्याची भाजी आणि गाजराचं सूप! टूर मॅनेजर पोरगा चांगला, पण तोही म्हणाला, "काकू, बटाटा तर चालतो ना?" शेवटी आमच्या ड्रायव्हरने आचाऱ्याला स्वाहिलीत समजावलं की जमिनीखाली वाढतं ते नको. आचारी विचारात पडला, मग त्याने त्यांच्या घरचंच जेवण केलं. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सुकुमा विकी म्हणजे हिरवी पालेभाजी, कांदा न घालता. मी सोबत नेलेली तीळ-खोबऱ्याची चटणी घेतली आणि पोटभर जेवले. सगळ्या टूरमधलं ते सर्वात चांगलं जेवण. बाकी खाकरे, थेपले, सुकी भेळ घरून नेलेलं. बायांनो, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू नका. केनियात २०१७ पासून पिशव्यांवर बंदी आहे. मी सगळं स्टीलच्या डब्यांत आणि सुती पिशव्यांत नेलं.

चौविहार मी बावीस वर्षं करते आहे. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी मावळतो, आम्ही होतो तेव्हा सातच्या थोडा आधी. कॅम्पचं जेवण साडेसातला. म्हणजे सफारीवरून वेळेवर आले तरच माझं जेवण, नाहीतर डबा. सकाळी उलट सोपं, सूर्य पावणेसातला उगवतो आणि सोबत दिलेली न्याहरी आठनंतर उघडतात, नवकारसी आपोआप होते. निघण्याआधी मी मॅनेजरकडून कबूल करून घेतलं होतं की आमची गाडी सहाला परत फिरेल.

मारातली दुसरी संध्याकाळ. पावणेसहा वाजले असतील. ड्रायव्हरच्या वायरलेसवर काहीतरी आलं आणि त्याने गाडी वळवली. गवतात चित्त्याची मादी, मागे तीन पिल्लं. समोर दोनशे पावलांवर एक हरणी चरत होती. आमच्या गाडीत आम्ही दोघं, नागपूरचं एक जोडपं आणि तीन मित्र. सगळे छतातून वर उभे, मोबाइल बाहेर. "आज किल मिळणार!" हा शब्द मी तिथेच शिकले. किल म्हणजे शिकार डोळ्यांसमोर होणं. जाहिरातीतसुद्धा त्याचाच फोटो असतो.

सहा वाजले. मी घड्याळ दाखवलं. मॅनेजर दुसऱ्या गाडीत होता, तो वायरलेसवर म्हणाला, "काकू, दहा मिनिटं, चित्ता रोज दिसत नाही." मी डबा उघडला आणि खाली सीटवर बसून थेपले खायला लागले. वर सहा माणसं श्वास रोखून उभी, त्यात आमचे हे पण. मी मनात हरणीला म्हणत होते, पळ, पळ. आणि खरं सांगते, एका क्षणी मान उंचावून मीही बघितलं, कधी झेप घेते ते. आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात की पाप तीन वाटांनी लागतं. केलं, करवलं आणि केल्याची अनुमोदना केली. हातात थेपला आणि नजर तिकडे. माझी अनुमोदना झाली का नाही? अजून सांगता येत नाही.

मी गाड्या मोजल्या. एकोणीस. नियम असा की एका जनावराभोवती एका वेळी पाचच गाड्या, आणि पंचवीस मीटर लांब. एकोणिसाव्या गाडीला जागा मिळेना म्हणून तिने इंजिन चालू करून मध्येच शिरकाव केला. हरणी दचकली, उड्या मारत गेली. चित्ता उठून उभी राहिली आणि परत गवतात बसली. सगळे "अरेरे" म्हणाले. मी मात्र मोठ्याने नवकार म्हटला. जीव वाचला!

ड्रायव्हर तेवढ्यात शांतपणे इंग्रजीत म्हणाला, "मामा, ती कालपासून उपाशी आहे. आजची तिसरी शिकार गेली." तो त्या मादीला ओळखत होता. गाड्या तिला आडोसा देत नाहीत, उलट उठवतात. मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, तो माझ्या मुलाने नंतर शोधून दिला. जिथे पर्यटकांच्या गाड्या फार, तिथे मादीची पिल्लं फारशी वाढतच नाहीत, असं त्यात आहे.

माझा नवकार अर्धवट राहिला. हरणी वाचली म्हणून मी खुश झाले, आणि पिल्लं आईच्या पोटाशी तोंड घासत होती. सिंह-चित्ते काय खातात त्याचं पाप आपल्याला लागत नाही, तो त्यांचा जन्म आहे. पण आमची गाडी तिथे होती, माझ्या पैशाच्या डिझेलवर. माझा चौविहार त्या दिवशीही सांभाळला गेला, मी सूर्यास्ताच्या आत चार थेपले खाल्ले होते. ती मात्र उपाशी होती.

रात्री तंबूत हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तर पैसे वसूल म्हणत होतो." मी म्हटलं, उद्यापासून सहावी गाडी आपली नको. हे म्हणाले, "इतक्या वर्षांनी आलो आणि आता लांबून बघायचं?" आवाज दुखावलेला होता. मी दिवा मालवला, प्रतिक्रमणात मन लागलं नाही.

सकाळी मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "काकू, सगळ्यांचेच पैसे लागलेत." त्याचंही खरं. ते तीन मित्र नाराज झाले. मग दुसऱ्या गाडीतल्या दोन वयस्कर बायकांशी आणि एका काकांशी अदलाबदल झाली आणि आमची म्हाताऱ्यांची गाडी वेगळी निघाली. त्या दिवशी आम्ही एकही सिंह पाहिला नाही. एका जिराफाला चाळीस मिनिटं बघितलं, बाभळीच्या काट्यांतून जिभेने पाला कसा काढतो ते. हत्तींचा कळप गाडीच्या मागून गेला. ह्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. पण संध्याकाळी त्या तीन मित्रांनी मोबाइलवर सिंहाने रेडा पाडल्याचं दाखवलं तेव्हा हे दोनदा बघून आले, हेही लिहायलाच हवं.

आता कंपन्यांबद्दल. जाऊबाई आपल्याच समाजाच्या टूरने गेल्या होत्या, सोबत महाराज स्वयंपाकी. जेवण घरच्यासारखं, पण सगळा दिवस जेवणाभोवती फिरायचा, चाळीस माणसं जमेपर्यंत जनावरं सावलीत गेलेली. पुतणीने नैरोबीच्या कंपनीशी परस्पर बोलून स्वस्तात केलं. गाडी चिखलात चार तास अडकली, पण गाडी आणि ड्रायव्हर फक्त त्यांचे, थांब म्हटलं की थांबायचा. तिने एक शिकवलं, ते मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. केनियात सफारी गाइडच्या संघटनेची परीक्षा असते, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या. तुमचा ड्रायव्हर त्यातली कुठली पास आहे हे पैसे भरण्याआधी लेखी विचारायचं. आमच्या ड्रायव्हरकडे सिल्व्हर होती. निघताना ह्यांनी त्याला टिप वेगळी हातात दिली आणि मी उरलेली चटणी दिली. ती त्याला फार आवडली होती.

परवा हे टांझानियाचं पत्रक घेऊन आले. तिथे फेब्रुवारीत सेरेंगेटीच्या दक्षिणेला विल्डेबीस्टची पिल्लं जन्मतात, लाखोंनी. "शिकार नको ना, जन्म बघू," म्हणाले. मी कंपनीला दोन प्रश्न ईमेलने पाठवले. सूर्यास्ताच्या आत जेवण मिळेल का, आणि एका जनावराजवळ पाच गाड्या असतील तर तुमचा ड्रायव्हर मागे थांबेल का. पहिल्याचं उत्तर तासाभरात आलं, "होय मॅडम, जैन भोजन उपलब्ध." दुसऱ्याचं अजून आलं नाही. आठ दिवस झाले.