मामांची एकसष्टी

सिमरोलच्या घरी मामींच्या लोखंडी कपाटात एक व्हीएचएस कॅसेट आहे. १९८८ साली मामांची एकसष्टी झाली, तिचे हे चित्रण. मामा १९९१ साली गेले. छायाचित्रे पुष्कळ आहेत. परंतु चालते-बोलते मामा त्या फितीवाचून अन्यत्र कोठेही नाहीत. मामींची दृष्टी अलीकडे झपाट्याने मंदावत आहे. तेव्हा हे काम पुढे ढकलण्याजोगे राहिले नव्हते.

माळ्यावरचा व्हीसीआर उतरवून आम्ही नव्या टीव्हीस जोडला. पडदा निळाशार, वर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी! आम्ही सवयीने यंत्रास एक चापट दिली. याच घराच्या कौलांवर १९८७ साली, रविवारी सकाळी ‘रामायणा’च्या वेळी, इंदूरकडे तोंड केलेली अँटेना आम्ही फिरवीत असू. ‘आलं का?’ असे विचारावे, तर खालून उत्तर येई, ‘मुंग्याच आहेत!’ त्या काळी दोष हवेत असे; आता तो तीन तारांत दडला होता.

मामींच्या नातवाने आम्हांस थांबविले. ‘काका, आधी ही कॅसेट बाजूला ठेवा,’ म्हणाला. परीक्षेसाठी त्याने एक जुनी सिनेमाची कॅसेट घातली. फीत गुरफटलीच तर तिची गुरफटावी! (हे आम्हांस सुचले नव्हते, हे कबूल करतो.) मग त्याने एका टोकापासून एकेक दुवा तपासला. तारा बदलल्या, फरक नाही. पांढरी व तांबडी तार लावताच गाणे ऐकू आले, म्हणजे यंत्र जिवंत होते. प्रश्न उरला पिवळ्या तारेचा, आणि टीव्हीच्या पाठीशी पिवळे भोकच नव्हते! आम्ही ती निळ्यात खुपसली होती. हिरव्या भोकाभोवती एक बारीक पिवळे कडे होते, ते नातवाला दिसले. तेथे तार जाताच चित्र उमटले, पण कृष्णधवल. पिवळ्या तारेतून उजेड आणि रंग एकत्र येतात. टीव्ही मात्र ‘कंपोनंट’वर असल्याने हिरव्या वाटेने केवळ उजेडच स्वीकारीत होता. रिमोटवर ‘एव्ही’ निवडताच रंग आले.

खाली पांढऱ्या रेघा उरल्या. आम्ही हातरुमालाने हेड पुसण्यास सरसावलो, तेव्हा नातू अक्षरशः ओरडला. मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या त्या नळकांड्यावरील नाजूक टोके उभे पुसल्यास तुटतात. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनविणे थांबविले. नवे हेड आणणार कोठून? ट्रॅकिंगचे बटण दाबताच रेघा निघूनही गेल्या.

मग मामांची कॅसेट. खिडकीतून बुरशी नाही ना ते पाहिले, आणि पहिल्याच फेरीत ती संगणकात उतरवून घेण्याची व्यवस्था करून ती लावली.

मामी पडद्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. चित्रात मामा कॅमेरावाल्याच्या पानात आग्रहाने जिलबी वाढीत होते. आम्ही मोठ्याने सांगितले, ‘मामी, मामा जिलबी वाढताहेत.’

‘ठाऊक आहे रे,’ मामी म्हणाल्या. ‘दोन वाढल्या होत्या. एक त्याने टाकली. तू आवाज थोडा वाढव.’