दर्ब अल-अस्फरमधलं घर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

जुन्या घरावर सरकारी पैसा घालणं म्हणजे उधळपट्टी, हे तुमचं म्हणणं पत्रातून पुन्हा वाचलं. कैरोतलं बैत अल-सुहैमी पाहिल्यापासून मला ते पटेनासं झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अल-मुइझ रस्त्यावरून आत वळलं की दर्ब अल-अस्फर ही गल्ली लागते. तिथे १६४८ मध्ये अब्दुल वहाब अल-तबलावी यांनी हे घर बांधलं. १७९६ मध्ये शेख अहमद अल-सुहैमींनी ते विकत घेतलं, शेजारची घरं त्यात सामावून वाढवलं आणि त्यांचंच नाव त्याला चिकटलं.

तुम्ही आयुष्यभर बांधकामं केलीत, त्यामुळे इथली वाऱ्याची योजना तुम्हाला नक्की आवडेल. पुढे इमारतीने वेढलेला, सावलीतला चौक. मागे मोठी बाग, तिच्यावर ऊन भरपूर. दोन्हींच्या मधे ‘तख्तबूश’ नावाची बसायची ओसरी. चौकाकडे सताड उघडी, बागेच्या अंगाला लाकडी जाळी. दिवस चढला की बागेतली हवा आधी तापते, वर जाते आणि चौकातली गार हवा ओसरीतून तिकडे ओढली जाते. भर उन्हाळ्यात पाहुण्यांना बसवायची जागा नेमकी या वाऱ्याच्या वाटेवर! वास्तुविशारद हसन फतही यांनी आपल्या लेखनात याच घराचा दाखला दिला आहे. वरच्या मजल्यांवर मश्रबिया, म्हणजे जाळीदार गवाक्षं. कातीव लाकडाचे छोटे छोटे तुकडे एकमेकांत गुंतवलेले असतात. कोरड्या हवेत लाकूड आक्रसलं तरी सांध्यांना मोकळीक असल्यामुळे जाळी पिळवटत नाही. मी एका जाळीला अगदी नाक लावून पाहिलं: गल्ली स्पष्ट दिसत होती, पण गल्लीतल्या कुणाला मी दिसणं शक्य नव्हतं.

जुन्या कैरोत जमिनीखालचं पाणी वर चढून भिंती पोखरतं. त्यात १२ ऑक्टोबर १९९२ चा भूकंप झाला आणि शहरातल्या कितीतरी जुन्या इमारतींचं कंबरडं मोडलं. कुवेतमधल्या अरब आर्थिक व सामाजिक विकास निधीने या घरासाठी पैसा दिला आणि असद नदीम यांच्या देखरेखीखाली १९९४ पासून सहाएक वर्षं काम चाललं. मला मोलाचं वाटतं ते हे, की नदीम एका घरापाशी थांबले नाहीत. शेजारची मुस्तफा जाफर आणि अल-खरझाती ही घरं दुरुस्त झाली, आणि गल्लीतल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या व फरसबंदीही नव्याने झाली. राहती माणसं तिथेच राहिली. पायाखाली गळकं गटार तसंच ठेवून वर संगमरवर चकाकवला असता, तर त्याला मीही उधळपट्टीच म्हटलं असतं.

आज तिथे लोकसंगीताच्या मैफिली होतात, अरागोझ या इजिप्शियन हातबाहुल्यांचे खेळ होतात. संध्याकाळी घरात चूल पेटत नाही याची हळहळ मात्र वाटतेच. तरी चौकात पोरं दाटीवाटीने बसून खेळ पाहतात, तेव्हा घर रिकामं वाटत नाही.

तख्तबूशचा आराखडा काढून सोबत पाठवते आहे. बागेकडची जाळी बंद केली तर वारा किती मंदावेल, ते तुम्ही हिशेब करून कळवा. काकूंना नमस्कार.

तुमची,
वसुधा