डोक्याचं माप

प्रकाशाला माणसं दोन कारणांनी येतात. इथे गोमाई तापीला मिळते आणि काठावर केदारेश्वर आहे, म्हणून सारा खानदेश या गावाला दक्षिण काशी म्हणतो, हे एक. दुसरं कारण रस्त्याचं. नंदुरबारकडून येऊन तापीचा पूल ओलांडला की इथेच वाट फुटते, उजवीकडे शहादा, डावीकडे तळोदा. पहिल्या कारणाने येणाऱ्यांपैकी अनेकांच्या हातात कापडाने तोंड बांधलेला अस्थिकलश असतो. दुसऱ्या कारणाने येणारे बरेचसे मोटारसायकलवर असतात. सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसलं, की कधीतरी ही दोन्ही कारणं एकाच घराच्या वाट्याला आलेली दिसतात. नुकतं मुंडण केलेला, मिसरूड फुटलेला मुलगा पाण्यात उभा असतो, गुरुजी सांगतील तसं पाणी सोडतो, आणि काठावरच्या बायांपैकी कुणी शेजारणीला हळूच सांगते, "गाडीवरून गेला." पुढे कुणी काही विचारत नाही. आपल्याकडे एवढ्यात सगळं कळतं.

मला या मुलाच्या बापाबद्दल लिहायचं आहे. तो जिवंत असताना, दुकानात हेल्मेटच्या फळीसमोर उभा असताना, जी दहा मिनिटं त्याने स्वतःला द्यायला हवी होती त्यांच्याबद्दल.

इथला रस्ता ऋतूप्रमाणे वागतो. पावसाळ्यात काळ्या रानातून निघालेला ट्रॅक्टर चाकाला चिकटलेला चिखल डांबरावर सोडत जातो, आणि त्यावर एक सर पडली की वळणावर गाडीचं मागचं चाक आपलं राहत नाही. थंडी पडू लागली की ऊसतोड सुरू होते. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला कारखाना आहे. तिकडे निघालेल्या ट्रॅक्टरमागे जोडून दोन-दोन ट्रॉल्या असतात, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो आणि मागचा दिवा वाढ्यांच्या आड गेलेला असतो किंवा मुळात नसतोच. मार्गशीर्षात तापीवरून धुकं वर चढतं, पुलाचे कठडे त्यात बुडतात, आणि त्या पांढऱ्या काळोखातून अचानक उसाची भिंत समोर येते. नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते. वारा तिकडून असला की उघड्या डोळ्यांनी गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांना धार लागते. हे सगळं सुंदर आहे. धुक्यातली तापी, मिरचीची लाल शेतं वाटावीत अशा पथाऱ्या, पलीकडे निळी होत जाणारी सातपुड्याची रांग. सातपुड्याकडे बघत गाडी चालवण्याचं सुख मला ठाऊक आहे आणि ते कुणाचं हिरावून घ्यावं असं मला कधीच वाटणार नाही. म्हणून तर हा खटाटोप.

"जवळच तर जायचंय." सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. शेतापर्यंत, डेअरीपर्यंत, फार तर शहाद्यापर्यंत. पण गाडी उभी असताना माणूस नुसता कलंडला, तरी दीड मीटर उंचीवरून खाली येणारं डोकं जमिनीला भिडताना ताशी वीसेक किलोमीटरच्या वेगात असतं. हा साध्या पडण्याचा हिशेब आहे, त्यात गाडीचा वेग धरलेलाच नाही. डांबराला आपण किती लांब निघालो होतो ते कळत नाही.

डोक्याचा आणि मोटारसायकलचा हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यचिकित्सकाने. 1935 च्या मे महिन्यात 'अरेबियाचा लॉरेन्स' म्हणून जगाला ठाऊक असलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमधल्या एका गावरस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्या उपचारात केर्न्स होता. मरण त्याला नवं नव्हतं, पण हे मरण त्याने मनाला लावून घेतलं. पुढे युद्ध सुरू झाल्यावर त्याने आकडे जमवले. पहिल्या 21 महिन्यांत ब्रिटनमध्ये 2,279 मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक गेले होते. हेल्मेट घातलेल्या जखमींची त्याच्याकडे अवघी सात प्रकरणं होती, आणि ते सातही जण वाचले होते. 1941 साली त्याने हे छापलं, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सात माणसांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येत नाही, असं कुणी म्हणेल. त्यानंतरच्या आठ दशकांनी केर्न्सचं म्हणणंच खरं ठरवलं आहे.

आता आपल्याकडचा आकडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये अपघातात मेलेल्यांपैकी 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्यांतले 14,337 जण गाडी चालवतच नव्हते. ते मागे बसले होते.

सारंगखेडा इथून लांब नाही, तापीच्याच काठी, प्रवाहाच्या वरच्या अंगाला. दत्तजयंतीला तिथे घोड्यांची यात्रा भरते. घोडा घेणारा माणूस बघावा. तो आधी नुसता लांबून पाहतो. मग जवळ जाऊन ओठ वर करून दात बघतो, खूर उचलून बघतो, अंगावरचे भोवरे तपासतो, चालवून बघतो, पळवून बघतो, पुन्हा थांबवून पायांवरून हात फिरवतो. सौदा एका दिवसात होईलच असं नाही. हाच माणूस हेल्मेट मात्र रस्त्याच्या कडेला, दोरीवर टांगलेल्यांतून, गाडीवरून न उतरता घेतो. रंग आवडला, पैसे दिले, आरशाला अडकवलं. घोड्याची पारख रक्तात असलेल्या या मुलखाने हेल्मेटही तशाच डोळ्यांनी बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

एकदा तसं घडताना मी पाहिलंही. शहाद्यात एका दुकानात एक तरुण आणि त्याचे वडील आले होते. मुलाने चकचकीत काळं हेल्मेट उचललं. वडिलांनी ते त्याच्या हातून घेतलं, उलटं केलं, आतलं अस्तर बाजूला सारून खालच्या पांढऱ्या थरावर अंगठा दाबून पाहिला. मग मुलाच्या डोक्यावर चढवलं, पट्टा बांधायला लावला आणि म्हणाले, "वाक." मुलगा वाकला. त्यांनी हेल्मेटची मागची कड धरून पुढे जोरात ओढलं. ते थेट कपाळावरून घसरून हातात आलं. "आबा, जरा सैलच बरं असतं, गरम होत नाही," मुलगा म्हणाला. आबा काही बोलले नाहीत, फक्त ते हेल्मेट फळीवर परत ठेवलं. दुकानदार शहाणा होता. म्हणाला, "घट्टच घ्या भाऊ. गालाचा फोम नंतर बसतो. सैल असलं ते सैलच होत जातं."

त्या पांढऱ्या थरावर आबांनी बोट ठेवलं ते बरोबर जागी. बाहेरचं कवच टोकदार वस्तू आत शिरू देत नाही, मार एका जागी साठू देत नाही आणि डोकं रस्त्यावर घासू देत नाही. पण मेंदूला वाचवतो तो आतला थर्माकोल. तो चिरडतो, आणि चिरडताना डोक्याला थांबायला काही सहस्रांश सेकंद जास्त मिळवून देतो. माणूस आणि त्याचा फोटो यांच्यात तेवढंच अंतर असतं. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघात पाहिलेलं हेल्मेट, बाहेरून कितीही नवं दिसलं तरी, कुणी फुकट दिलं तरी घालू नये. पेट्रोलने किंवा थिनरने ते पुसू नये, थर्माकोलला दोन्ही खातात.

मापासाठी शिंप्याची टेप पुरते. भुवयांच्या जरा वर, कानांच्या वरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून घेर घ्यायचा. सेंटिमीटरचा तो आकडा हेल्मेटच्या चिठ्ठीवर शोधायचा. तरी घालून बघायचंच, कारण काहींचं डोकं गोल असतं, काहींचं लांबट. घातल्यावर गाल किंचित आत दाबले जावेत, कपाळावर टोचू नये. दहा मिनिटं दुकानात तसंच बसावं. दुकानदार चहा सांगतोच. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वळ दिसला तर आकार चुकला. मागे आयएसआयची खूण आणि तिच्याजवळ सीएम/एल क्रमांक असतो. तो बीआयएस केअर नावाच्या अॅपवर तपासता येतो. जून 2021 पासून या खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला देशात मनाई आहे. हनुवटीखालचा पट्टा बांधलाच नाही तर हे सगळं व्यर्थ, कारण पहिल्याच धक्क्याला हेल्मेट एकीकडे आणि माणूस दुसरीकडे.

रंगाबद्दल मी हट्टी आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड भागातल्या मोटारसायकलस्वारांचा एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. काळ्याच्या तुलनेत पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना जखमी होण्याचा धोका 24 टक्क्यांनी कमी आढळला, चमकणारे कपडे घालणाऱ्यांना 37 टक्क्यांनी. उसाच्या ट्रॉलीला दिवा लावणं आपल्या हातात नाही. समोरच्याला आपण दिसणं बरंचसं आपल्या हातात आहे. आणि वैशाखात पांढरं तापतंही कमी.

उन्हाचं कारण खोटं नाही. इथे पारा 44 अंशांवर जातो, तेव्हा जॅकेटचं नाव काढणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. पण याच उन्हात आपले आजे उघड्या अंगाने बैलगाडी हाकत नव्हते. डोक्याला पागोटं, अंगात पूर्ण बाह्यांची बंडी. अंगाहून गरम वारा उघड्या कातडीला गार करत नाही, भाजतो आणि घाम लागण्याआधीच उडवून नेतो. जाळीचं जॅकेट मिळतं. त्यातून वारा खेळतो, आणि खांद्याला, कोपराला कडक गाद्या असतात. आतून सुती बंडी भिजवून घातली तर शहादा येईपर्यंत गारवा टिकतो. ते परवडत नसेल तर आधी हातमोजे घ्यावेत. पडताना माणूस हात पुढे करतो, ते थांबवता येत नाही, आणि शेतकऱ्याचा तळवा सोलवटला तर पेरणी थांबते. मग घोट्याच्या वर येणारा चामड्याचा बूट. साधी जीन्स डांबरावर घासली गेली तर सेकंदभरही टिकत नाही. चपलेचं तर बोलूच नये. ज्याच्याकडे पैसे थोडे आहेत त्याने हा क्रम धरावा: डोकं, हात, पाय, मग अंग. गाडीला सत्तर-ऐंशी हजार किंवा लाख रुपये देणारं घर हजार-दीड हजारांच्या हेल्मेटला महाग म्हणतं, तेव्हा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

राहता राहिली मागची सीट. दशक्रियेला, एकादशीला, माहेरी, दवाखान्यात, बाई या मुलखात मागेच बसून जाते, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लेकरू घेऊन, पदर सावरत. तिच्यासाठी नियम आहेत. मागच्या चाकाला साडीची जाळी हवी, धरायला दांडी हवी, पाय ठेवायला पायटा हवा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं, त्याहून लहान लेकराला 2023 पासून पट्टा आणि नऊ महिन्यांचं झालं की त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि तेव्हा गाडीचा वेग 40 च्या आत. पण जाळी तर बरेच जण गाडी घेतल्यावर शोभेसाठी काढून टाकतात. अंबाडा घातला की हेल्मेट बसत नाही, ही अडचण खरी. मानेशी सैल वेणी घातली की अडचण सुटते. तिच्या डोक्याचं माप घरात कुणालाच ठाऊक नसतं, तिला स्वतःलाही नाही, कारण आजवर कुणी घेतलेलंच नसतं.

तेव्हा यंदा उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत दुकानात जा. दोन हेल्मेट घ्यायची आहेत हे घरून ठरवून जा. जी मागे बसते तिला सोबत न्या, आणि टेप आधी तिच्या डोक्याला लावा.