सुपरचार्जर अजून खोक्यातच

बडोदेकर मंडळी, दांडिया बाजारातल्या स्कूटरींच्या आठवणी खूप झाल्या. ही जरा लांबची, न्यू जर्सीची. मुलाकडे 1999 सालची माझदा मियाटा आहे, दोन सीटांची. तिला सुपरचार्जर बसवायचा त्याने घाट घातला. खोकं येऊन पडलेलं, सूनबाईंना किंमत निम्मीच सांगितलेली!

सुपरचार्जर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो आणि हवा दाबून आत कोंबतो. हवा जास्त म्हणजे पेट्रोलही जास्त. म्हणून मोठे इंजेक्टर, नवा रेडिएटर, दणकट क्लच, सगळी खरेदी झालेली. मी एवढंच विचारलं, "अरे, मूळ इंजिन हा भार सोसेल का?" कर्ज देण्याआधी जुनी खाती बघायची सवय, दुसरं काय.

"बाबा, मस्त चालते हो," म्हणाला; पण कॉम्प्रेशन गेज आणलं. इंजिन गरम करून चारही प्लग काढले, इंधन नि ठिणगी बंद. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून मी स्टार्टर मारायचा, त्याने आकडा वाचायचा. पहिला, दुसरा, चौथा सिलिंडर 175 पीएसआयच्या आसपास. तिसरा 130! फरक साधारण दहा टक्क्यांच्या आत हवा. तिसऱ्यात चमचाभर तेल ओतून पुन्हा पाहिलं, तर 160. गळती व्हॉल्व्हची असती तर तेलाने आकडा फारसा हलला नसता. रिंगा झिजलेल्या. वरून दाब दिला असता तर इंजिन बसलंच असतं, तेही हायवेवर.

बराच वेळ तो काही बोललाच नाही. आता इंजिन उतरवलंय, रिंगा मागवल्यात. आणि त्या बिलापायी सूनबाईंना खोक्याची खरी किंमतही कळली आहे.