मधले गाव

इंदूरहून उज्जैनला जाणारी आगगाडी वाटेत देवासला थांबते. १९७९ ते १९८१ या काळात आठवड्यातून सहा दिवस मी त्या गाडीने जात-येत असे आणि दिवसातून दोनदा देवासची टेकडी खिडकीतून पाहत असे. त्या अडीच वर्षांत देवासच्या फलाटावर मी एकदाही पाऊल ठेवले नाही. मधल्या गावात उतरण्याचे कारणच काय? एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला नोकरी. मध्ये होते ते केवळ अंतर, आणि अंतर जितके लवकर सरेल तितके बरे.

गेल्या फाल्गुनात मी तिथे प्रथमच उतरले, तेही घर पाहण्यासाठी. घर माझ्यासाठी नव्हते. पुतण्याच्या बिऱ्हाडासाठी होते.

पुतण्याची नोकरी इंदूरला विजयनगरच्या बाजूस, तर सूनबाई उज्जैनच्या एका महाविद्यालयात शिकवते. चार वर्षांची मुलगी आहे. लग्न झाल्यापासून बिऱ्हाड इंदूरलाच असल्याने रोजचे ‘अपडाउन’ सूनबाईच्या वाट्याला आले. पुण्याच्या पाहुण्यांना हा शब्द समजावून सांगावा लागतो, पण आमच्या माळव्यात तो इतका रुळला आहे की ‘त्या काय, अपडाउन करतात’ असे म्हटले की त्या बाईचा सारा दिनक्रम ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. इंदूर ते उज्जैन सडकेने सुमारे ५५ किलोमीटर. ऐकायला हे फार नाही. परंतु घरापासून बस मिळेपर्यंतचा वेळ आणि बसमधून उतरल्यावर महाविद्यालयापर्यंतचा वेळ कोणत्याही मैलाच्या दगडावर कोरलेला नसतो.

यंदा मुलीची शाळा सुरू व्हायची, म्हणून विचार निघाला. घरातील वडीलधाऱ्यांचे मत इंदूरच्या बाजूने होते आणि, खोटे कशाला सांगू, माझेही तेच होते. इंदूरला आपली माणसे आहेत, गणपतीला दहा घरी जाणे-येणे आहे, दुखले-खुपले तर डॉक्टर आहेत. पुतण्याने कागद-पेन्सिल घेऊन सांवेरचे नाव काढले. इंदूर-उज्जैन रस्त्यावर सांवेर जवळजवळ मधोमध आहे, त्यामुळे हिशेबाने उत्तर तेच येत होते. सूनबाई एका रविवारी तिथे जाऊन आली. मुलीसाठी मनासारखी शाळा तिला दिसली नाही. मग देवास उरले. ते सरळ वाटेवर नाही, त्रिकोणाच्या तिसऱ्या कोपऱ्यावर आहे. इंदूरहून सुमारे ३५ किलोमीटर, उज्जैनहून जवळपास तितकेच. म्हणजे दोघांचा प्रवास मिळून पूर्वीपेक्षा वाढणारच. “मग फायदा काय?” असे मी विचारले.

सूनबाई म्हणाली, “काकू, बालवाडीच्या कागदावर आम्हा दोघांचेही क्रमांक आहेत. मुलीला ताप आला की फोन मात्र मलाच येतो, मी ५५ किलोमीटरवर असले तरी. हे अर्ध्या तासावर असतात. त्यांना कोणी फोन करीत नाही.”

त्यावर मला काही सुचले नाही. मी एवढेच म्हटले, “घर पाहायला जाल तेव्हा मलाही न्या.” मोटारीने जाण्याऐवजी मी गाडीचा हट्ट धरला. सूनबाई माझ्यासोबत आली, पुतण्या सडकेने पुढे गेला. त्या सडकेवर, देवासच्या अलीकडे, क्षिप्रा नावाचेच गाव लागते आणि पुलाखालून क्षिप्रा वाहते. उज्जैनच्या रामघाटावर जिच्यात लोक स्नाने करतात, तीच ही नदी.

देवास हे मोठे गमतीचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी इथे राज्य स्थापले आणि पुढे एकाच गावात दोन गाद्या झाल्या. एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. गावातल्या हमरस्त्याच्या एका अंगाला एकाचा अंमल, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचा. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत हे चालले. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा चिटणीस म्हणून इथे राहिला आणि १९५३ साली त्याने या मुक्कामावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावातली टेकडी ती हीच. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, बोलीत थोरली माता आणि धाकटी माता. एका गावात दोन घरे थाटणाऱ्यांचा हा मुलूख. आमची मुले दोन गावांच्या नोकऱ्यांवर एक घर थाटू पाहत होती.

पहिले घर टेकडीच्या पायथ्याशी होते. गच्चीवरून सारी टेकडी दिसे. पुतण्याला ते पाहताक्षणी आवडले. याच पायथ्याशी कुमार गंधर्वांचे ‘भानुकुल’ आहे, हे त्याने मला दोनदा सांगितले, जणू शेजारी तान ऐकू येणार होती. कुमार १९४८ साली देवासला आले ते क्षयाने आजारी होते म्हणून. इथली कोरडी हवा मानवेल, एवढाच हेतू. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्म, मुंबईला देवधर मास्तरांकडे शिक्षण, तेथे नावलौकिक. बरे झाल्यावर त्यांना परत जाता आले असते. ते गेले नाहीत. आजारात अंथरुणावर पडून जी माळवी लोकगीते कानी आली, त्यांनी त्यांच्या गाण्याला नवी वाट दाखवली, आणि १९९२ मध्ये देह ठेवला तोही देवासलाच. सोयीसाठी निवडलेले गाव असे आपले होऊन जाते, हे खरे. पण प्रत्येक भाडेकरूच्या बाबतीत तसे घडेलच असे नाही, म्हणून मी घरमालकाला आधी पाण्याचे विचारले.

देवासला पाण्याचे विचारावेच लागते. १९९० च्या उन्हाळ्यात इंदूरहून टँकरांची आगगाडी भरून या गावाला पाणी आणावे लागले होते. जुनी तळी बुजवून त्यांवर वस्ती केली, मग विहिरी आणि कूपनलिका आटल्या. दुसरे काय होणार? घरमालकांनी नळाची वेळ सांगितली, कूपनलिका दाखवली. माझे समाधान झाले. सूनबाई मात्र गच्चीवर न येता खाली रस्त्यावरच्या दुकानदाराशी बोलत उभी होती. उज्जैनची पहिली बस किती वाजता, शेवटची किती वाजता, आणि इथून तिथवर पायी किती वेळ, हे ती विचारीत होती.

त्या क्षणी मला माझी १९७९ आठवली. आदल्या वर्षी लग्न होऊन मी रामबागेत आले होते. उज्जैनच्या एका मुलींच्या शाळेत नोकरी लागली. बिऱ्हाड कुठे असावे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही. घर होतेच, त्याला पाय थोडेच होते? पहाटे स्वयंपाक करून गाडी गाठायची, दिवेलागणीनंतर परतायचे. १९८० च्या सिंहस्थात डब्यात उभे राहायलाही जागा नसे. दाराशी जेवणाचा डबा छातीशी धरून मी उभी असे. पुढच्या वर्षी थोरल्याची चाहूल लागली आणि मी राजीनामा दिला. सर्वांनी माझ्या समजूतदारपणाचे कौतुक केले. ‘ह्यां’नी दोन दिवसांनी विचारले, “मनापासून दिलास ना?” मी हो म्हटले. देवासला राहिलो असतो तर, हे तेव्हा आम्हा दोघांपैकी कोणाच्याही मनात आले नाही. रोज दोनदा टेकडी दिसत होती, तरीही.

दुसरे घर उज्जैन रस्त्याच्या बाजूला. साधे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, समोर भिंत आणि भिंतीपलीकडे कोणाची तरी कोठी. टेकडी दिसायला चार पावले रस्त्यावर यावे लागे. पुतण्याचा चेहरा उतरला. मी तेव्हा माझे मत सांगितले आणि ते घरातल्या थोरामोठ्यांपुढेही पुन्हा सांगितले: ज्याच्यापाशी स्वतःची मोटार आहे त्याने चार किलोमीटर अधिक जावे, बसने जाणाऱ्याच्या बाजूला घर असावे. शिवाय २०२८ चा सिंहस्थ फार दूर नाही. तेव्हा उज्जैनच्या वाटेवरचे एकेक पाऊल मोजावे लागेल. पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काकू, गच्ची तर इथेही आहे.” बयाणा तिथेच दिला.

परतताना त्याने मोटारीने चला म्हणून आग्रह केला, पण माझे परतीचे तिकीट काढलेले होते. सूनबाई पुन्हा माझ्याबरोबर आली. गाडी चाळीस मिनिटे उशिराने होती. फलाटावरच्या बाकावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. हात पुसून तिने पिशवीतून देवासच्या शाळेचा अर्ज काढला आणि गुडघ्यावर ठेवून भरू लागली. अडीअडचणीला कोणाला कळवावे, या रकान्यात तिने पहिला क्रमांक नवऱ्याचा लिहिला, दुसरा आपला. खाली आणखी एक ओळ रिकामी होती. तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी माझा क्रमांक सांगितला.