पहिला खर्डा

"संपला! पहिला खर्डा संपला!"

रात्रीचे साडेदहा झाले होते. टाचणी टोचून शेवटचा कागद गठ्ठ्याला लावला आणि मी हा जयघोष केला. स्वयंपाकघरात विरजण लावीत असलेल्या सौभाग्यवतीच्या कानांवर तो गेला असावा. ती तशीच पळी हातात घेऊन बाहेर आली.

"संपला? अहो, परवाच तर पंधरा मिरच्यांचा केला होता! एकट्याने संपवलात? आणि मग पोटात आग पडते म्हणून रात्रभर मला जागवा!"

आमच्या मुलखात खर्डा म्हणजे तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ घालून वरवंट्याने किंवा तांब्याच्या बुडाने रगडलेला जाळ. लेखनाच्या दुनियेत खर्डा म्हणजे कच्चे लिखाण. दोहोंत फारसा फरक नाही, असे आता मला वाटते. दोन्ही करताना करणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येते आणि चाखणाऱ्याला पहिल्याच घासाला ठसका लागतो.

माझा खर्डा पटकथेचा होता. फुलस्केपची ११८ पाने. एका पानाचा पडद्यावर साधारण एक मिनिट होतो असा या धंद्यातला ठोकताळा आहे, त्या हिशेबाने दोन तासांना दोनच मिनिटे कमी. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, नातवंडे सांभाळतात, सोसायटीचे चिटणीस होऊन शेजाऱ्यांशी भांडतात. मी पटकथा लिहायला घेतली. सात महिने जेवणाचे टेबल अडवून धरले.

"मग आता ते कागद उचला," पळी हलवीत ही म्हणाली. "उद्या टेबलावर चकलीचा सोऱ्या यायचाय. आणि सकाळी भाजणी दळून आणा. गिरणीत गर्दी व्हायच्या आत जा."

पटकथाकाराचा सत्कार एवढ्यावरच आटोपला.

पटकथाच का, हे सांगितले पाहिजे. मी माणदेशातला. गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येई, आणि वर्षातून त्या एका रात्री आप्पा, म्हणजे आमचे वडील, आम्हा दोघा भावांना तिकीट काढून नेत. 'पेडगावचे शहाणे' (१९५२), 'जगाच्या पाठीवर' (१९६०) असली जुनी झालेली चित्रे आमच्याकडे बऱ्याच वर्षांनी पोचत. श्रेयनामावलीत ग. दि. माडगूळकर हे नाव आले, की आप्पा अंधारात हळूच म्हणत, "आपल्या मुलखातला." माडगूळ आमच्याकडून फार लांब नाही. आप्पा स्वतःहून उच्चारीत असलेली आणि हिशेबाशी संबंध नसलेली अशी तीनचारच वाक्ये मला आठवतात. त्यांतले हे एक.

आप्पांची पिठाची गिरणी होती. ऑइल इंजिनावर चालणारी. तिची पुक्‌पुक् गावाबाहेरच्या वळणापर्यंत ऐकू येई. माझ्या पटकथेची गोष्ट त्या गिरणीतली, १९७२ सालच्या दुष्काळातली. ती थोडक्यात अशी. सतरा वर्षांचा थोरला मुलगा एका गरीब म्हातारीचे दळणाचे पैसे सोडतो. बाप दहा माणसांसमोर त्याच्या थोबाडीत मारतो. मुलगा पहाटेच्या एस्टीने मुंबई गाठतो आणि पुन्हा घरी राहायला म्हणून कधी येत नाही. तो मुलगा म्हणजे माझा दादा. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, कोपऱ्यात पोत्यावर बसलो होतो. त्या थपडेचा आवाज माझ्या कानांत पन्नास वर्षे राहिला आहे.

सुरुवातीला मी लिहिले : 'आप्पा हा अतिशय कठोर आणि पैशाला चिकट मनुष्य आहे.' आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगा राहतो. तो जाहिरातपट करतो, आणि त्याच्या खोलीत दिवा लागतो तेव्हा आमच्याकडचा मालवलेला असतो. त्याने ते वाक्य वाचले आणि नम्रपणे विचारले,

"काका, हे कॅमेऱ्याला कसं दिसणार?"

"संवादातून दिसेल की."

"कोण म्हणणार? आणि कोणी म्हटलं म्हणून प्रेक्षक का मानतील? आप्पा काय करतात ते लिहा. जे दिसतं आणि जे ऐकू येतं, तेवढंच."

हा नियम ऐकायला सोपा वाटतो. पण लिहायला बसले, की कळते, की आपली निम्मी भाषा कोणीतरी काढून घेतली आहे. कादंबरीकार 'त्याला पश्चात्ताप झाला' एवढे लिहून मोकळा होतो. पटकथाकाराला त्या पश्चात्तापाला हातपाय द्यावे लागतात. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून तेंडुलकरांनी 'अर्धसत्य'ची (१९८३) पटकथा लिहिली. तीतही एक कडक बाप आहे. आपण थिएटरात त्याला भितो, ते त्याचे वर्णन कोणी करते म्हणून नव्हे. तो पडद्यावर जे करतो, त्याने भितो. सत्यजित राय यांनी तर 'पथेर पांचाली'साठी (१९५५) रीतसर पूर्ण पटकथा लिहिलीच नव्हती. एका वहीत चित्रे आणि टिपणे होती, त्यांवरून काम चालले. हे वाचून मीही एक वही आणून चित्रे काढू लागलो. दुष्काळातल्या छावणीतला माझा बैल पाहून ही म्हणाली, "कुत्रा छान जमलाय." तो मार्ग मी सोडला.

मग मी आप्पा काय करीत ते लिहू लागलो. पहाटे ते इंजिनाच्या हौदात पाणी भरत. पट्ट्याला हाताने चाचपून पाहत. वरच्या पत्र्याच्या नसराळ्यात धान्य ओतताना दुसरा हात खाली धरीत, दाणा सांडू नये म्हणून. दगड गुळगुळीत झाला, की ते पाट खाली करून, मांडी घालून, त्याला टाकी लावीत बसत. टक्‌टक् टक्‌टक्. टाकी लावल्यावर पहिले शेरभर दळण ते कोणालाही देत नसत. त्यात दगडाची कच असते. घरचे जुनेपाने धान्य त्यावरून काढून ते पीठ बाजूला टाकायचे आणि मगच गिऱ्हाइकाचे दळण घ्यायचे. दुष्काळात तांबडी मिलो ज्वारी आली. तिचे दळण झाले, की पुढच्याच्या पिठात तांबूस झाक येई, त्यावरून बायका भांडत, आणि आप्पा प्रत्येक मिलोनंतर इंजिन थांबवून पिठाची कापडी पिशवी झटकीत.

असे लिहीत गेलो, आणि चाळीस पाने झाल्यावर माझ्या लक्षात आले, की कठोरपणाचे एकही दृश्य अजून आलेले नाही. विशेषणे काढून घेतल्यावर माझ्याजवळ आप्पांचे फक्त हात उरले होते, आणि ते हात काही वाईट करीत नव्हते. मी अस्वस्थ झालो. पण दृश्य चौतीस जवळ आले होते. तिथे थप्पड होती. तिच्यावर माझा भरवसा होता.

चौतिसावे दृश्य मी मोठ्या जोमाने लिहिले. म्हातारी दादाच्या डोक्यावरून हात फिरवून त्याला तीन ओळींचा आशीर्वाद देते असेही घातले. थप्पड घातली. पुढचे दृश्य पस्तीस : 'रात्र. गिरणी, आत. आप्पा केरसुणीने जमिनीवर उडालेले पीठ गोळा करतात. फडक्यात बांधतात. कंदील मालवतात.' ते रोज रात्री असे करीत, म्हणून लिहिले. दृश्य छत्तीस : पहाट, एस्टी, दादा. तिथून शेवटापर्यंत पटकथा घसरगुंडीसारखी गेली.

दुसऱ्या दिवशी भाजणीचा डबा घेऊन गिरणीत गेलो. दिवाळीच्या तोंडावर पुण्यातल्या गिरणीत रांग किती असते ते सांगायला नको. माझा नंबर येईपर्यंत दुपार झाली. आता इंजिन नाही, विजेची मोटर आहे. पण गिरणीवाल्याच्या भुवया तशाच पांढऱ्या. तो जेवायला जाण्याआधी खालचे पीठ झाडू लागला. सुपलीत भरून त्याने ते कोपऱ्यातल्या डब्यात टाकले.

"याचं काय करता?" मी सहज विचारले.

"म्हशीवाला नेतो, साहेब."

मी डबा घेऊन घराकडे निघालो, आणि अर्ध्या वाटेत थबकलो. आप्पांच्या त्या फडक्यातल्या पिठाचे काय होई? १९७२ साली आमच्याकडे म्हैस नव्हती, गाय आधीच छावणीत गेली होती. कुत्रेही नव्हते. घरात ते पीठ आलेले मला आठवत नव्हते. दृश्य पस्तिसात मी कंदील मालवून मोकळा झालो होतो. आप्पा गाठोडे हातात घेऊन सात महिने त्या अंधारात उभे होते, आणि मी त्यांना दारसुद्धा उघडून दिले नव्हते.

घरी येऊन मी दादाला फोन लावला. पिठाच्या गिरणीतून निघालेला दादा मुंबईला कापडाच्या गिरणीत लागला होता. १९८२ च्या संपात ती सुटली, आणि पुढे त्याने मिळतील ती कामे केली. आता डोंबिवलीला मुलाकडे असतो.

"काय रे, दिवाळीला येताय का?" त्याने विचारले.

"दादा, एक विचारू? आप्पा रात्री ते झाडलेलं पीठ कुठं न्यायचे?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"ओढ्यापलीकडं. खडी फोडायला आलेल्या लोकांची पालं पडली होती ना, तिथं. कुठल्यातरी पालापुढं ठेवायचे आणि न बोलता परत. मी दोनदा मागनं गेलो होतो."

"हे तू मला कधी बोलला नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

मी जरा वेळाने म्हणालो, "मग तू म्हातारीचे पैसे सोडलेस तर तुला मारलं का?"

"सोडले म्हणून नाही रे. ओरडून सोडले म्हणून." दादा हसला. "पुढारीपण अंगात आलं होतं. 'राहू दे म्हातारे, तुझ्याकडं काय असणार,' असं सगळ्या रांगेसमोर म्हणालो. ती कुणाचं फुकट खाणारी नव्हती. तिनं पाच पैशाचं चौकोनी नाणं काट्यावर ठेवलं आणि पिठाला हात न लावता उभी राहिली. आप्पांनी मला एक दिली, ते नाणं उचलून गल्ल्यात टाकलं, तेव्हा कुठं तिनं डबा उचलला. तुझ्या ध्यानात नुसती थप्पडच राहिली होय?"

"आणि मुंबई?"

"मुंबईचं मामांकडं महिनाभर आधीच ठरलं होतं. आप्पांनीच पत्र घातलं होतं. दुष्काळात त्या गिरणीवर दोन पोरं जगली नसती. एक शिकवायचं ठरवलं त्यांनी. धाकटं."

धाकटे म्हणजे मी.

फोन ठेवला तेव्हा माझी ११८ पाने टेबलावरून उचलून कपाटावर ठेवलेली होती. म्हातारीचा आशीर्वाद मीच रचला होता. दादाचे घर सोडून जाणेही मीच रचले होते. पण ते कागदावर रचले, त्याचे एवढे काही नाही. कागद बदलता येतात. तीच गोष्ट मनात धरून मी आप्पांशी सतरा वर्षे वागलो होतो. नोकरी लागल्यावर दर महिन्याच्या पाच तारखेला मनिऑर्डर केली, एकदाही चुकवली नाही, आणि कुपनावर 'सर्व क्षेम' याखेरीज तिसरा शब्द कधी लिहिला नाही. आप्पा १९८९ साली गेले. हिशेबी कोण होते, हे कोणाला विचारायचे?

संध्याकाळी ही चकल्या तळत होती. मी तिला सगळे सांगितले. तिने झारा कढईत तसाच धरून ऐकून घेतले.

"मग आता काय, फाडणार का सगळं?"

"नाही," मी म्हणालो. खरे तर क्षणभर तसे मनात आले होते. पण हा खर्डा लिहिला नसता, तर दृश्य पस्तिसात मी कधी शिरलोच नसतो. मनातल्या मनात आठवताना माणूस थपडेपाशी थांबतो. लिहिताना त्याच्या पुढची रात्रही लिहावी लागते, आणि कंदील कोणी मालवला, गाठोडे कोणी उचलले, दार कुठले, हे प्रश्न पडतात. टाकी लावल्यानंतरचे पहिले शेरभर दळण खायचे नसते. पण ते काढल्याशिवाय दगडातली कच जातही नाही. हे आप्पांना ठाऊक होते. मीही पोत्यावर बसून रोज पाहत होतो.

रात्री टेबल मोकळे झाल्यावर मी नवा कागद घेतला. दृश्य पस्तीस : 'रात्र. गिरणी, आत. आप्पा पीठ फडक्यात बांधतात. दार उघडतात. बाहेर चांदणे. ते ओढ्याच्या दिशेने चालू लागतात. बऱ्याच अंतरावरून एक मुलगा त्यांच्यामागे जातो.' आप्पांच्या चेहऱ्यावर काय होते ते लिहिले नाही. दादाने पाठ पाहिली होती, आणि मी तेवढीही नाही.

भाऊबीज झाली, की दादा आमच्याकडे राहायला येणार आहे. ते सगळे वाचून दाखव म्हणाला. फोन ठेवता ठेवता एवढेच बजावले, "माझ्या तोंडी फार भाषणं घालू नकोस. आणि वहिनीला सांग, खर्डा करून ठेव म्हणावं. खरा."