हातची गेलेली स्थळे

ड्राफ्ट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बँकेचा ड्राफ्ट येतो. नोकरीसाठी पिट्सबर्गला येऊन राहिलो तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर तोच येत असे. वसंत ऋतू लागला की कचेरीत, न्हाव्याच्या दुकानात, वाण्याकडच्या रांगेत, जो तो 'यंदाच्या ड्राफ्ट'विषयी बोले. आणि मी मनात म्हणे, या लोकांना एवढे पैसे पाठवायचे आहेत तरी कुणाला! पुढे उलगडा झाला. हा ड्राफ्ट पैशांचा नव्हता, माणसांचा होता. फुटबॉलच्या संघांनी खेळाडू वाटून घेण्याचा तो वार्षिक सोहळा होता.

हे फुटबॉल म्हणजे आपले गोव्यातले किंवा कोल्हापुरातले फुटबॉल नव्हे. या अमेरिकन खेळात चेंडू लांबट असतो, पायाचा आणि त्याचा संबंध क्वचितच येतो, आणि चिलखत चढवलेली धिप्पाड माणसे एकमेकांवर रेड्यांसारखी धावून जातात. त्यांत एक असतो क्वार्टरबॅक. डावपेच त्याच्या डोक्यात आणि चेंडू त्याच्या हातात. तो त्याने नेमक्या गड्याकडे फेकायचा. लग्नघरात वरपित्याला जो मान, तो संघात याला. दर वर्षी कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून व्यावसायिक संघ पाळीपाळीने एकेक मोहरा उचलतात. ज्याने उचलला त्याचा तो. 'मला अमुक संघ हवा' असे म्हणायची खेळाडूला सोय नाही. आणि गंमत अशी, की गेल्या हंगामात जो संघ सर्वांत खाली राहिला त्याने सर्वांत आधी निवडायचे आणि अजिंक्य ठरला त्याने शेवटी. फराळाच्या ताटाभोवती बसलेल्या पोरांत सर्वांत रडक्याला पहिला लाडू द्यावा, तसे हे. ही युक्ती फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांची. चांगली माणसे बडे संघच पळवतात हे पाहून त्यांनी ती १९३५ साली मांडली आणि १९३६ च्या फेब्रुवारीत पहिला ड्राफ्ट झाला.

पिट्सबर्गच्या संघाला पहिले लाडू बरेच मिळाले, यावरून तो कसा खेळत असेल ते तुमच्या ध्यानात येईल. आर्ट रूनी नावाच्या गृहस्थांनी १९३३ साली २५०० डॉलर भरून हा संघ काढला. १९३६ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी सर्वांआधी कुणाला निवडले असेल? विल्यम शेक्सपिअरला! थट्टा करीत नाही. नोटर डेम विद्यापीठाकडून खेळणाऱ्या एका गाजलेल्या तरुणाचे नावच ते होते. पण हे शेक्सपिअर व्यवसाय म्हणून कधी मैदानात उतरलेच नाहीत. दोन वर्षांनी बायरन व्हाइट नावाचा हिरा हाती लागला. त्याला १५,८०० डॉलर म्हणजे त्या काळी डोळे पांढरे होतील एवढा पगार दिला. चेंडू घेऊन त्या हंगामात तो सर्वांहून अधिक धावला, आणि मग ऑक्सफर्डला शिकायला निघून गेला. १९६२ साली तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाला. एक शेक्सपिअर आणि एक न्यायमूर्ती निवडूनही संघ आपला हरतच राहिला.

खरा चटका लावणारी गोष्ट पुढची. जॉनी युनायटस हा पिट्सबर्गचाच मुलगा. १९५५ साली त्याला नवव्या फेरीत घेतले आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीच घरी धाडले. पोरगा सामन्यामागे सहा डॉलर घेऊन ब्लूमफील्ड वस्तीच्या किरकोळ संघात खेळत राहिला. पुढच्या वर्षी बाल्टिमोरने त्याला बोलावले, आणि १९५८ व १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे बाल्टिमोर अजिंक्य झाले. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण या गावात कुणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण तिचा अनुभव त्यांच्याइतका कुणी घेतला नसेल.

दिवस पालटले ते १९६९ साली, चक नोल प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा. त्यांनी पहिल्याच वर्षी जो ग्रीन नावाचा गडी घेतला, तर गावातले लोक विचारू लागले, 'हा कोण बुवा?' त्या हंगामात संघाने चौदापैकी एक सामना जिंकला. शिकागोचाही हिशेब अगदी तेवढाच. म्हणून पहिली निवड कुणाची हे ठरवायला नाणे उडवले. ते पिट्सबर्गच्या बाजूने पडले आणि टेरी ब्रॅडशॉ हा क्वार्टरबॅक मिळाला. पुढची सगळी कीर्ती त्या एका नाण्याच्या पाठीवर उभी आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फारशी नाही.

कारण दैव नाण्यापुरते. बाकीचे काम पायपिटीचे होते, आणि ते करणाऱ्यांत बिल नन हे नाव मला सर्वांत मोलाचे वाटते. नन हे 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राचे क्रीडासंपादक. दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत काय रत्ने पडली आहेत हे ते दर वर्षी छापीत, आणि पिट्सबर्गचा संघ तिकडे ढुंकूनही पाहत नाही म्हणून त्याच्यावर रागावलेले असत. आर्ट रूनींचे चिरंजीव डॅन यांनी शहाणपणा असा केला, की या रागावलेल्या माणसालाच संघात बोलावले. अलाबामातल्या एका कॉलेजात जॉन स्टॉलवर्थ नावाचा मुलगा होता. संघांचे पारखी त्याची धाव पाहायला गेले, तर मैदान ओले. धाव बेताची झाली. मंडळी नाके मुरडून परतली. नन यांनी म्हणे बरे नसल्याची सबब सांगितली, मुक्काम वाढवला, आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या जागेवर त्याला पुन्हा धावायला लावून घड्याळ लावले. मुलगा वाऱ्यासारखा धावला.

मग आला १९७४ चा ड्राफ्ट. नोलना स्टॉलवर्थ पहिल्याच फेरीत हवा होता. पारखी म्हणाले, 'थांबा. लिन स्वान थांबणार नाही, स्टॉलवर्थ थांबेल.' पहिल्या फेरीत एकविसावा स्वान घेतला. दुसऱ्या फेरीत जॅक लॅम्बर्ट, ज्याला सगळे हडकुळा म्हणत. पण मैदान भिजले म्हणून खडीच्या आवारात सराव असताना तो तिथेही गड्यांवर सूर मारतो, हे आपल्या माणसांनी पाहून ठेवले होते. तिसरी फेरी या संघाने आधीच दुसऱ्याला देऊन टाकलेली! ती संपेपर्यंत नोल यांच्या जिवाची काय तगमग झाली असेल, ते मुलीचे लग्न ठरवलेल्या बापालाच कळेल. चौथ्या फेरीत, ब्याऐंशिवा, स्टॉलवर्थ मिळाला. पाचव्या फेरीत एकशे पंचविसावा माइक वेबस्टर. शिवाय कुणीच न निवडलेला डॉनी शेल नंतर नुसता बोलावून घेतला. पाचही जण पुढे या खेळाच्या कीर्तिमंदिरात गेले. एकाच ड्राफ्टमधले चार, असे दुसऱ्या कुठल्याही संघाला साधलेले नाही. सहा वर्षांत चार अजिंक्यपदे पिट्सबर्गला मिळाली.

पण या वेबस्टरपाशी माझी लेखणी अडखळते. पंधरा हंगाम तो इथे खेळला, आणि प्रत्येक डावात डोक्याने टकरा घेतल्या. निवृत्तीनंतर त्याची स्मृती गेली, संसार गेला, गाडीत झोपण्याची पाळी आली. २००२ साली पन्नाशीतच तो वारला, तेव्हा इथल्याच बेनेट ओमालू या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला, आणि टकरांनी मेंदूची काय दशा होते हे जगापुढे मांडले. 'एकशे पंचविसावा आणि काय माणूस मिळाला!' असे लोक आजही म्हणतात. माणसाला काय मिळाले, हे विचारायची पद्धत नाही.

आमचे शेजारी पोलादाच्या भट्टीवरचे. मी आलो तेव्हा भट्ट्या एकामागून एक विझत होत्या, आणि त्यांचीही विझली. उरला होता तो फुटबॉलचा संघ. अंगणातल्या टोमॅटोंना पाणी घालता घालता ते मला हा सगळा इतिहास सांगत. पण कुठूनही निघाले तरी येऊन थांबत ते १९८३ वर. १९८३ म्हणजे डॅन मरिनो. हाही गावचाच, विद्यापीठाच्या शेजारच्या गल्लीत वाढलेला. वडील वर्तमानपत्रे पोचवणारी गाडी चालवत. ब्रॅडशॉचे कोपर दुखावलेले, संघाला क्वार्टरबॅकची निकड. एकविसाव्या निवडीपर्यंत मरिनो शिल्लक. आणि संघाने दुसराच खेळाडू घेतला! सत्ताविसावा मायामीने मरिनोला उचलला. पुढच्याच वर्षी त्याने ४८ फेकींवर टचडाऊन मिळवून विक्रम केला, आणि १९८५ च्या जानेवारीत अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर ४५-२८ असे हरवले ते कुणाला, तर पिट्सबर्गलाच. 'आपल्या हातात होता हो!' असे शेजारी म्हणत, आणि नळी भलत्याच वाफ्यात जाई.

ही हळहळ पुढे पथ्यावर पडली, हेही सांगायला हवे. २००४ साली अकराव्या निवडीच्या वेळी मंडळी भलत्याकडे झुकत होती. मरिनोसारखी चूक पुन्हा नको म्हणून आपण बोलणे बेन रॉथलिसबर्गरकडे वळवले, असे डॅन रूनी यांनी आत्मकथेत लिहिले आहे. त्या क्वार्टरबॅकने आणखी दोन अजिंक्यपदे आणली. आणि २०२२ साली तर गावच्याच विद्यापीठाचा केनी पिकेट पहिल्या फेरीत घेतला. शेजाऱ्यांचा धाकटा म्हणाला, 'फिटले एकदाचे!' दोन हंगामांत सगळे उमगले आणि २०२४ च्या मार्चमध्ये पिकेटला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. पिकते तिथे विकले, तरी घरी शिजत नाही ते असे.

या सगळ्या गोष्टीत एक नाव तुम्ही अजून ऐकलेले नाही. मीही कितीतरी वर्षे ऐकले नव्हते.

आमच्या आत्याच्या मुलीला एका डॉक्टरचे स्थळ सांगून आले होते. मंगळ आडवा आला. पुढे ती एका शाळामास्तरांना दिली. डॉक्टरांनी यथावकाश दुमजली दवाखाना बांधला, आणि त्यावर आत्या दर दिवाळीला एक मजला चढवत असे. 'हातचे स्थळ गेले हो!' करंज्या वाढता वाढता ती म्हणे. शब्द स्वयंपाकघरातून ओसरीवर जात. ओसरीवर झोपाळ्यात तिचे जावई वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. झोपाळा क्षणभर थांबे, मग पुन्हा सुरू होई.

मरिनोऐवजी जो घेतला, त्याचे नाव गेब रिव्हेरा. टेक्सासचा, अवाढव्य असून विलक्षण चपळ. तो जेमतेम सहा सामने खेळला. १९८३ च्या २० ऑक्टोबरच्या रात्री दारू घेऊन गाडी चालवताना त्याची समोरच्या गाडीशी टक्कर झाली. तो बाहेर फेकला गेला आणि छातीखाली कायमचा लुळा पडला. दोष त्याचाच होता, यात शंका नाही. पण गावाने ज्याची चर्चा केली तो त्याचा दोष नव्हताच. तो मरिनो नव्हता, ही त्याच्याबद्दलची तक्रार होती. नंतर सॅन अँटोनियोमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून तो गरीब वस्तीतल्या मुलांना शिकवायला मदत करी. अशी जवळजवळ पस्तीस वर्षे गेली, आणि दर एप्रिलमध्ये त्याचे नाव निघे ते दुसऱ्याच्या नावापुढे 'ऐवजी' लावून.

२०१८ च्या जुलैत, सत्तावन्नाव्या वर्षी, तो वारला. शेजारी तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होते. कुंपणावरून त्यांनी वर्तमानपत्र माझ्या हाती दिले. आता मरिनो येणार म्हणून मी वाट पाहत राहिलो.

'बावीस वर्षांचा होता तेव्हा,' ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, 'आमचा थोरला त्या साली बावीसचाच होता.'

आणि ते नळी उचलून टोमॅटोंकडे वळले.